त्र्याण्णव काडेपेट्या आणि एक ताडपत्री

मुलांनो,

परवा तुमच्यातल्या मोठ्याने मला एक व्हिडिओ पाठवला. त्याच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत चतुराच्या पंखाची नक्कल करून एक पातळ, हलकं, वाकलं तरी न मोडणारं कापडासारखं काहीतरी तयार करत होते. पांढरे कोट घातलेली चार माणसं त्याच्याभोवती उभी होती आणि खाली लिहिलं होतं, 'आजी, हे जगात अगदी नवीन आहे.' मी अंगठा पाठवला. नंतर वाटलं, अंगठा म्हणजे उत्तर नव्हे, आळस आहे. खरं उत्तर असं, की हे मी शेलूबाजारला पाहिलेलं आहे, आणि तिथे कुणाच्या अंगात पांढरा कोट नव्हता. ज्यांनी ते केलं त्यांच्या अंगात बनियन असे, आणि तेही पुष्कळदा उलटं.

ते माझे घरमालक. नोकरीची शेवटची चार वर्षं मी शेलूबाजारच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. तुमचे आजोबा वाशीमला. रोज एसटीने जाऊन-येऊन करायचं वय राहिलं नव्हतं, म्हणून सोमवार ते शनिवार राहायला मी हायवेच्या कडेला एक वरची खोली घेतली. खाली त्यांचं दुकान होतं, ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचं आणि दुरुस्त करायचं. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणायचं, म्हणून मीही भाऊ म्हणू लागले, आणि त्यांच्या बायकोला वहिनी.

खोली दाखवायला दोघंही वर आली होती. भाड्याचा विषय भाऊंनी वहिनींवर सोडला आणि स्वतःच्या तीन अटी सांगितल्या.

"बाई, गॅलरीतला लाइट रोज सांजच्याले लावाचा. मच्छरची अगरबत्ती लावाची नाई. आन सकाऊन मी येऊन गेल्याबिगर गॅलरी झाडाची नाई."

"तुम्ही सकाळी कशाला येणार?"

"मेलेले वेचाले."

मी पर्स उचलून निघालेच होते. वहिनी मागून म्हणाल्या, "किडे म्हनून राह्यले ते. घाबरू नका, मानसं नाई वेचत."

तुम्हाला माझी सवय माहीत आहे. साडेपाचला उठायचं, पावणेसहाला केर. भाऊ यायचे सव्वासहाला. ती मधली तीस मिनिटं हातात केरसुणी धरून मी चार वर्षं उभी राहिले. मग ते यायचे, एका हातात स्टीलची ताटली, दुसऱ्या हातात दाढीचा जुना ब्रश. लाइटखाली रात्रभर जे काही पडलेलं असेल ते ब्रशने हळूच ताटलीत ओढायचे. मला हलायची परवानगी नसे.

"पाय उचला, बाई! उजवा! उजव्याखाली चतुर हाये!"

चतुर म्हणजे तुम्ही ज्याला ड्रॅगनफ्लाय म्हणता तो. भाऊंच्या लेखी तो सगळ्यांत वरच्या दर्जाचा. त्याच्या खालोखाल टोळ, मग नाकतोडा, आणि अगदी शेवटी डास, ज्यांना ते 'भरतीचा माल' म्हणायचे. प्रत्येकाचे पंख ते चिमट्याने सोडवायचे आणि रिकाम्या काडेपेटीत कापसावर ठेवायचे. अशा त्र्याण्णव काडेपेट्या दुकानातल्या फळीवर होत्या. कीटकाचं नेमकं नाव काही त्यांना ठाऊक नसे, म्हणून पेटीवर तो कुठे सापडला ते लिहायचे. 'पानटपरी.' 'पेट्रोलपंप, लाइटखाली.' 'सरपंचाची कार, काच.' एकदा तुमचे आजोबा मला भेटायला आले आणि दुकानात बसून पेट्या वाचू लागले. एका पेटीवर निळ्या शाईत होतं, 'इंग्रजीच्या बाई, उजवा पंख, थोडा तुटका.' आजोबा वर आले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "हे तू मला फोनवर कळवायला हवं होतंस."

या सगळ्याची सुरुवात कशी झाली ते मी एकदा विचारलं होतं. भाऊंचा उभा जन्म फाटलेल्या ताडपत्र्या पाहण्यात गेलेला. ट्रकवाले ढाब्यावर जेवायला थांबत आणि तेवढ्या वेळात टाका मारून मागत. भाऊ ताडपत्री जमिनीवर पसरून फाट वाचत बसायचे. कुठून सुरू झाली, कुठे वळली, कुठे संपली. ड्रायव्हर ओरडायचा, "चाचा, टाका मारो और जाने दो!" चाचा मात्र उकिडवे बसलेले.

"फाट ना बाई, ट्रकवाल्यासारखी असते," ते मला म्हणाले. "सरका रस्ता भेटला का थेट नागपूर गाठते. मंधात चौक आला का चहाले थांबते. ताडपत्रीत चौकच नाई, मंग ते थांबन कायले? आता हे पाहा."

त्यांनी माझ्यापुढे चतुराचा एक पंख धरला. मला तो नुसता काचेचा तुकडा दिसला. मी वर जाऊन डिक्शनरी वाचायचं माझं भिंग आणलं, आणि ती माझी चूक झाली, कारण त्यानंतर ते भिंग मला फक्त शनिवारी मिळू लागलं. पण त्या दिवशी मी जे पाहिलं ते खरोखर पाहण्यासारखं होतं. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा आणि त्यावर शिरांचं जाळं. पुढच्या काठाला जाड शिरा आणि चौकोनी घरं. मागे जावं तसतशी शीर बारीक होते आणि घरं पाच-सहा कोनांची, लहान-लहान. कुठे फाटलंच, तर फाट पहिल्या शिरेपर्यंत जाते आणि तिथेच अडते. पंखाला बाभळीचा काटा लागला तरी एक घर जातं, बाकीचा पंख उडत राहतो. शिरा जिथे एकमेकींना भेटतात तिथले काही सांधे मऊ असतात, त्यामुळे वाऱ्याने पंख वाकतो, पिळवटतो आणि परत सरळ होतो. आणि सगळा पंख सपाट नसतो, त्याला पत्र्यासारख्या बारीक घड्या असतात.

घड्यांचं काम मला कळेना. भाऊंनी माझ्या तपासायच्या गठ्ठ्यातला वरचा कागद ओढला, दोन पेल्यांवर आडवा टाकला आणि त्यावर कात्री ठेवली. कागद कात्रीसकट खाली. मग त्यांनी त्याच कागदाच्या पंख्यासारख्या घड्या घातल्या आणि परत ठेवला. आता त्याने कात्री पेलली, वर सुताचं रीळही पेललं.

"कागद तोच, वजन तेच. घडीनं ताकद आली," ते म्हणाले.

कागद तोच होता खरा. सहावी ब मधल्या एका मुलीची घटक चाचणीची उत्तरपत्रिका होती ती. दुसऱ्या दिवशी मी ती इस्त्री करून परत दिली.

तेव्हापासून भाऊ सगळ्या जगाला एकच प्रश्न विचारायचे, "याले शीर कुठी हाये?" पुढाऱ्याचं भाषण ऐकून आले की म्हणायचे, "लंबं होतं, पन शीर नाई." नव्या पुलाकडे पाहून म्हणायचे, "शीर जाड केली, सांधा मऊ केला नाई. तडकन." माझा एक निबंधही मी त्यांना वाचून दाखवला होता. ते म्हणाले, "बाई, झालर लय हाये." तीस वर्षांत माझ्या लिखाणावर कुणी इतकं खरं बोललं नव्हतं. म्हणून मी रागावले.

माझी छत्री त्यांनी न विचारता दुरुस्त केली, तीही पंखाच्या पद्धतीने. काळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने वेडीवाकडी घरं, आणि काड्यांच्या सांध्यांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे. वारा आला की छत्री पार उलटी व्हायची, दुसरी असती तर मोडली असती, पण ही क्षणभर विचार करून 'फट्' आवाज करत पुन्हा सुलटी व्हायची. माझ्या केसांतली पिन दोनदा तिच्याबरोबर गेली. स्टॅन्डवर एका बाईने मला विचारलं, "छत्रीले काही झालं काय व मॅडम, नागीण उठल्यावानी दिसते?" तरी ती छत्री मी निवृत्तीपर्यंत वापरली.

वहिनी या सगळ्याच्या बाहेर होत्या. घर चालायचं ते त्यांच्या अडीच एकरांवर. भाऊंच्या दुकानावर घर चाललं असतं तर आम्ही सगळे चहावर जगलो असतो. गावाला लागूनच त्यांचं शेत होतं. थोडा भाजीपाला, आणि मुख्य पीक हळद. हळद काढली की वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये शिजवायची, मग उघड्यावर पंधरा दिवस वाळवायची. या पंधरा दिवसांत वहिनी जेवतानासुद्धा आभाळाकडे बघायच्या. पाऊस आला तर भिजून काळी पडते आणि बुरशी धरते. पाऊस येईल म्हणून जाड ताडपत्री टाकली तर आतल्या आत घाम सुटतो आणि तरीही काळी पडते. आदल्या वर्षी भाऊंच्या ताडपत्रीखाली ती तशी पडली होती. ते वहिनी विसरल्या नव्हत्या आणि भाऊंनाही विसरू देत नव्हत्या.

त्या वर्षी भाऊंनी पंखाचं पांघरूण शिवलं. पातळ पन्नीचे, म्हणजे प्लॅस्टिकच्या कागदाचे, दोन थर, मध्ये नायलॉनच्या दोरीच्या शिरा, टाक्यांच्या भोकांवर पंक्चरचं सोल्युशन. पुढच्या काठाला बांबूच्या कामट्या, मागे दोरी बारीक होत गेलेली, आणि सगळ्याला घड्या. ढिगावर टाकलं की ते हळदीला चिकटायचं नाही, कमानीसारखं हातभर वर उभं राहायचं. खालून हवा खेळायची. मी आणि वहिनी मिळून ते सहज उचलायचो. मला तर ते फार सुंदर वाटलं.

वहिनींना वाटलं नाही. दुकानाच्या पायरीवर त्या पदर खोचून उभ्या राहिल्या.

"मागच्या साली हयद घामेजली. यंदा ह्या पन्नीखाली भिजली, तं तुमच्या साऱ्या डब्या चुलीत. बाई, तुमी साक्षीदार."

"भिजनच नाई," भाऊ म्हणाले.

"भिजली तं?"

"तं टाक चुलीत."

मला अर्धवट करार सहन होत नाहीत. मी विचारलं, "सगळी भिजली तर सगळ्या पेट्या, हे ठीक. थोडीच भिजली तर?"

वहिनींनी हिशेब केला. हळद साधारण नव्वद-पंच्याण्णव टोपल्या होती. "जेवढ्या टोपल्या, तेवढ्या डब्या."

मी ते वहीच्या पानावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. सही करताना भाऊंचा हात थांबला. त्यांनी मान वळवून फळीकडे एकदा पाहिलं, आणि मग सही केली.

मार्चमधला शनिवार होता, परीक्षेमुळे अर्धी शाळा. दुपारी तीनच्या सुमाराला कारंजा गावाच्या बाजूने आभाळ काळं होऊ लागलं आणि वहिनी रस्त्यावरूनच ओरडल्या, "बाई, चाला!" साक्षीदार म्हणून मीही धावले. शेतात पोचताच भाऊ आणि वहिनींनी हळद ओढून लांबट ढीग केला. आम्ही पांघरूण टाकलं. एक टोक बाभळीला बांधलं, बाकीची तीन बांधायला दगड शोधत होतो, तेवढ्यात वावधन आलं, सोसाट्याचा वारा. म्हणून मग प्रत्येकाने एकेक टोक हातात धरलं.

आता चूक काय झाली ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या पांढऱ्या कोटवाल्यांनाही ती उपयोगी पडेल. भाऊंनी पंखाचं काहीच सोडलं नव्हतं. शिरा घेतल्या, घड्या घेतल्या, मऊ सांधे घेतले, पुढचा जाड काठ घेतला, कमान घेतली. पण पंख हे उडण्यासाठी असतात, ही गोष्ट इतक्या वर्षांत त्यांच्या, आणि खरं सांगायचं तर माझ्याही, डोक्यात आली नव्हती. वारा जाड काठाखालून शिरला. साधी ताडपत्री फडफडली असती. हे शांतपणे वर उठलं.

"बाई! पाह्यता ना? उडून राह्यलं!" भाऊ आनंदाने ओरडले.

"उडाले कोनं सांगतलं होतं त्याले!" वहिनी त्यांच्याहून मोठ्याने ओरडल्या. "धरा! बाई, सोडू नका!"

मी सोडलं नाही. पुढच्या क्षणी माझ्या दोन्ही चपला जमिनीवर होत्या आणि मी नव्हते. वीतभरच असेल, पण तुमची आजी शेलूबाजारच्या हद्दीत वीतभर उडालेली आहे, हे लक्षात असू द्या. मग मी खाली आले, पुन्हा वर गेले. पावसाचे टपोरे थेंब सुरू झाले.

वहिनींनी त्यांचं टोक पायाखाली दाबलं, कमरेचा विळा काढला आणि पांघरुणात घातला. हा राक्षस या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडायचा, वारा निघून जाईल आणि निदान पन्नी तरी हळदीवर पडेल, असा त्यांचा विचार. भाऊंनी जी किंकाळी फोडली ती हायवेवरच्या ट्रकवाल्यांनी ऐकली असावी. वहिनींनी विळा जोर लावून ओढला. पन्नी वीतभर फाटली आणि दोरीपाशी थांबली. त्यांनी दुसरीकडे मारला. परत वीतभर. तिसरीकडे तेच.

"अवो, फाटत काहून नाई हे?"

भाऊंची किंकाळी अर्ध्यात थांबली. "फाटत नाई?"

"नाई ना!"

"काय म्हनतं!" ते म्हणाले, आणि ते पाहायला हातातलं टोक सोडून धावले.

हेच करायला नको होतं. सुटलेलं टोक उलटलं आणि ढिगाचा त्या बाजूचा कोपरा उघडा पडला. पाऊस नेमका तिथे. भाऊ मात्र फाटींपाशी उकिडवे बसलेले, बोट लावून प्रत्येक फाट तपासत होते. "अजून एक मार बरं. अठी मार. जोरानं मार!" वहिनींना सांगायची गरजच नव्हती. त्या अशा रागात होत्या, की त्यांनी दहा-बारा ठिकाणी विळा मारला. आणि प्रत्येक भोकातून वारा वर निघून जाऊ लागला, तसं ते अवाढव्य पाखरू हळूहळू खाली बसलं. मी माझ्या टोकावर बसले, वहिनी उघड्या कोपऱ्यावर आडव्या पडल्या. दहा मिनिटांत पाऊस गेला.

भिजलेली हळद वेगळी काढली. सात टोपल्या. बाकी सगळी कोरडी.

त्या संध्याकाळी मी वहीचं पान घेऊन खाली गेले. मनातून मला वाटत होतं, की वहिनी सोडून देतील. त्या चुलीपुढे बसल्या होत्या, हाताला चिखल तसाच. म्हणाल्या, "सात." भाऊंनी वाद घातला नाही. "रास्त हाये," एवढंच म्हणाले आणि फळीपुढे उभे राहिले. सहा पेट्या त्यांनी पटकन काढल्या, सगळा भरतीचा माल. पण त्यानंतर डास संपले. सातव्या पेटीपाशी ते इतका वेळ उभे राहिले, की भाकरी होऊन गेल्या. एक उचलायचे, उघडायचे, परत ठेवायचे. शेवटी 'पेट्रोलपंप' लिहिलेली काढून वहिनींच्या हातावर ठेवली आणि बाहेर जाऊन हायवेकडे तोंड करून बसले. वहिनींनी सातही पेट्या चुलीत टाकल्या. पंखांचा जाळ किती लहान होतो, ते मी पाहिलं.

त्यानंतर पाच दिवस दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. त्या रविवारी मी वाशीमला गेलेच नाही, कारण बोलणं माझ्यातर्फे चालायचं. "बाई, त्यांले सांगा, भाकर झाली." "बाई, तिले सांगा, आलो." दोघांमध्ये अंतर चार फुटांचं. मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण इतकं भाषांतर कधी केलं नव्हतं.

भाऊ त्या फाटी शिवत नव्हते. प्रत्येक फाटीवर वरून एक झडप लावत होते, दाराला पडदा असतो तशी, म्हणजे खालचा वारा वर निघून जाईल आणि वरचं पाणी आत येणार नाही. झडपा कुठे असाव्यात याचं त्यांनी वेगळं मोजमाप केलं नाही. वहिनींच्या विळ्याने जिथे फाटी पडल्या होत्या तिथेच. पुढे त्यांनी अशी जी जी पांघरुणं शिवली, ती सगळी त्याच नकाशाची. तेव्हा मात्र त्यांना ते कुणाला सांगायला सुचलं नव्हतं. जिला सांगायचं होतं तीच बोलत नव्हती.

सहाव्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे केरसुणी घेऊन गॅलरीत उभी होते. भाऊ आले नाहीत. इतक्या दिवसांतला हा पहिलाच खाडा, म्हणून मी खाली डोकावले. ते मशीनवर बसले होते, ब्रश आणि ताटली कोपऱ्यात. तेवढ्यात वहिनी शेतातून आल्या. वाळत घातलेली हळद उलटीपालटी करायला त्या उजाडताच जायच्या. त्या थेट दुकानात आल्या आणि मशीनवर एक काडेपेटी ठेवली. पेटी नवी कोरी होती, त्यातल्या काड्या त्यांनी स्वयंपाकघरात वाटीत ओतून ठेवलेल्या मी नंतर पाहिल्या.

भाऊंनी पेटी उघडली. आत मोठा चतुर, चारही पंख शाबूत. एक पाय हळदीने पिवळा झालेला.

भाऊ पेटीकडे पाहत राहिले, मग वहिनींकडे.

"घ्या," वहिनी म्हणाल्या. "सारं घ्या याचं. फकत उडनं तेवढं घेऊ नका."